बिनविरोध

आबा, गावात पुन्हा बिनविरोधची बोलणी सुरू आहेत आणि या वेळी सरपंच म्हणून नाव माझं आहे. धुळ्याची नोकरी संपवून मी इथे राहायला आलो तेव्हापासून माणसं माझ्यात तुम्हाला शोधतात. परवा मारुतीच्या पारावर जुनी मंडळी जमली होती. आबांच्या राज्यात गाव कसं होतं, हे जो तो दुसऱ्याला सांगत होता. राज्य हाच शब्द वापरतात आणि तो कुणालाच खटकत नाही. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. तुम्ही गेल्यावर निवडणुका लागल्या, दोन पार्ट्या झाल्या, आणि ओढ्यावरचा पूल दोघांनी मिळून अडवून ठेवला. एकाने मंजुरी आणायची, दुसऱ्याने तक्रार ठोकायची. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीतल्या पोरांची शाळा अजूनही बुडते.

धाकट्याचा मुलगा सुट्टीवर आलाय. तो ज्या देशात नोकरी करतो तिथे निवडणुका नसतात. मोबाइलवर तिथले रस्ते दाखवत तो पारावर सांगत होता की नळ बिघडला तर तासाभरात माणूस हजर होतो, आपण त्यांच्याकडून शिकायला पाहिजे. मी विचारलं, नाही आला तर सांगायचं कुणाला? तो म्हणाला, येतोच. मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा त्याने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "काका, आपण तिथे बोलत नाही." मंडळी हसली. मला काही हसू आलं नाही. जिथे कुणी बोलत नाही, तिथे सगळं छान चाललंय हे कळतं तरी कसं, हा किडा तेव्हापासून डोक्यात शिरलाय.

तुमच्याकडून शिकण्यासारखं खूप होतं, हे मी कुणापुढेही सांगेन. सकाळी काठी घेऊन तुम्ही गल्लीगल्लीत फिरायचात. गटार तुंबलेली दिसली की ती मोकळी होईपर्यंत तिथून हलायचा नाहीत. दिलेला शब्द फिरवायचा नाहीत. पण पलीकडच्या वस्तीत नळ कधीच गेला नाही, आणि तिकडून कधी तक्रार आली नाही म्हणून तुम्ही तिकडे गेला नाहीत. हे मला आता दिसतं. तेव्हा दिसायला हवं होतं ते आपल्या स्वयंपाकघरातच. तुम्ही तापातून उठला आहात, जिभेला चव नाही. आईने भरीत केलंय. पहिला घास तुम्ही घेता, मान डोलावता, झकास म्हणता, आणि मग आम्ही सगळे जेवायला लागतो. भरतात मिठाचा कण नाही. आई गप्प, आम्ही भावंडं गप्प, धाकटा तर आणखी वाढा म्हणतो. तुमची मोठी बहीण माहेरपणाला आलेली, तिने घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. "तुनी जीभ गयी का रे? यामा मीठच नही शे." तुम्ही आमच्याकडे वळलात. मी काय तुम्हाला खातो का, असं विचारलंत. तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं. आईने उठून मीठ आणलं.

आणखी एक दुपार आहे. गावातल्या एका निवृत्त फौजीने तुमच्याविरुद्ध अर्ज भरला होता. तुम्ही त्याला घरी चहाला बोलावलंत. चढा आवाज नाही, निवडणुकीचा विषयही नाही. खांद्यावर हात ठेवून इतकंच विचारलंत, पोराचं कसं चाललंय? त्याचं पोर नुकतंच तुमच्या शब्दावर गावच्या विकास सोसायटीत नोकरीला चिकटलं होतं. दुसऱ्या दिवशी फौजीने माघार घेतली. माझा बाप प्रेमाने माणूस जिंकतो, असं मी कॉलेजात मित्रांना अभिमानाने सांगायचो. आता वाटतं, तो फौजी घरी जाऊन काय बोलला असेल? तुमची ती चौकशी मायेची होती की दुसरी कसली, हे मला आजही ठरवता येत नाही. कदाचित तुम्हालाही आलं नसतं.

या वेळी माझ्याविरुद्ध उभी आहे ती पलीकडच्या वस्तीतली एक सून. पिठाची गिरणी चालवते. तिला नळ हवा आहे आणि पूल हवा आहे. गिरणीची खोली ग्रामपंचायतीच्या जागेत आहे. पारावरून उठताना एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेतलं. काही बोलू नको, म्हणाला, फक्त गिरणी कशी चालली ते विचारून ये.

काल मी गेलो. तू माघार घेऊ नको, लढत होऊ दे, एवढंच सांगायला निघालो होतो. निदान तसं स्वतःला बजावत ओढा ओलांडला. ती दळत होती, पिठाने पांढरी झालेली. मी दारात उभा राहिलो आणि तोंडातून निघालं ते, "गिरणी कशी चाललीय?" तिने बटण बंद केलं. पट्टा पूर्ण थांबू दिला. मग म्हणाली, "कोनी धाडं तुमले?" मी घाईघाईने सांगितलं की कुणी नाही, तू खुशाल उभी राहा. तिने पदराने हात पुसले. "म्हंजे उभं राहाले तुमनी परवानगी शे, असं समजू का भाऊ?"

मी परत आलो. अर्ज तिने मागे घेतलेला नाही, मीही नाही. मतदान होईल. हे पत्र मी तुमच्या फोटोपुढेही वाचणार नाही, कारण तुम्ही म्हणाल, मग त्यात काय झालं, आणि ते मला पटेल. पण एक सांगून ठेवतो. गिरणीचं विचारल्यावर तिचा चेहरा उतरला ना आबा, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं.