निरंक लिहायचं की रिकामं सोडायचं

बाई, तुमचा एक नियम मी मोडला. नुसता मोडला नाही, तर दवाखान्यात दोन पोरींना शेजारी बसवून त्यांच्याकडूनही मोडून घेतला, आणि त्या दोघीही तुमच्याच टायपिंग क्लासच्या, शेवटच्या बॅचच्या. तुम्ही असता तर आधी चष्म्याच्या वरून बघितलं असतं आणि मग पट्टी शोधली असती. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, म्हणून इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे. टपालात टाकणार नाही, तेवढी वेडी नाही मी. पण लिहिताना समास सोडलाच आहे, बघा.

वडशाच्या स्टेशनाकडल्या रस्त्यावरची तुमची खोली आठवते. पुढे मशिनी, मागे पडद्याआड चूल. दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागायचा, नाटकवाले करारनामे टाइप करायला आणायचे आणि तुम्ही ते आमच्या हातून करून घ्यायचात. एकदा मी 'इतर अटी' पुढची जागा तशीच सोडली. अट नव्हतीच काही, तर लिहिणार काय? तुम्ही सगळ्यांसमोर कागद मशिनीतून ओढून काढला आणि म्हणालात, "काऊन सोडला रकाना? काई नसन तं निरंक लिव. पाहणाऱ्याले समजलं पाह्यजे का तू पाह्यलं." माझं तोंड एवढंसं झालं. दुपारी तुम्हीच मला पडद्याआड बोलावून भात वाढलात. माझ्या बापानं शेताजवळच्या बोडीतून, त्या लहान तळ्यातून, धरून आणलेले झिंगे होते, जाळ तिखट केलेले, आणि त्या तिखटाच्या निमित्तानं मी पोटभर रडून घेतलं. पुढे दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून दिलंत. माझ्या हाताला ते इतकं सैल व्हायचं की पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यावं लागलं.

मी रेकॉर्डच्या खोलीत लागले आणि तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी तिथे कॉम्प्युटर आला. जुने केसपेपर स्कॅन करायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे, म्हणजे पेशंट आला की जुना कागद लगेच सापडेल. नाव, गाव, वय, तारीख एवढे रकाने त्यात आधीपासून होते. बसवून द्यायला नागपूरहून आलेला माणूस म्हणाला की याशिवाय तुम्हाला हवे ते रकाने तुम्ही स्वतः बनवू शकता. त्याला तो कस्टम फील्ड म्हणत होता. मला तर हर्षच झाला. आम्ही दोन बनवले. एक बोलीचा, म्हणजे गोंडी किंवा तेलगू बोलणारं माणूस आलं की समजावून सांगणारी बाई आधीच बोलावता यावी. दुसरा 'न चालणारं औषध', हा डॉक्टरांनी मुद्दाम मागितलेला. तो राहून जाऊ नये म्हणून त्या माणसानं त्याला लाल चांदणी लावून दिली. चांदणीचा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकतच नाही.

आता जुन्या केसपेपरांवर औषध चालतं की नाही हे कोण लिहून ठेवणार? बहुतेकांवर नव्हतंच. मग तुमच्या पोरींनी काय करावं? त्यांनी निरंक लिहिलं. धडाधड, एकही चूक न करता. मी त्यांना दोष देत नाही, वडशापासून कुरखेड्यापर्यंत ज्या ज्या टेबलावर तुमचे विद्यार्थी बसलेत तिथे हेच झालं असतं.

धान कापणीच्या दिवसांत कुरखेड्याकडची एक बाई आली, पायावर विळा बसलेला. तिचा जुना कागद आमच्याकडे होता, बाळंतपणाचा. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिला, निरंक वाचलं आणि इंजेक्शन भरायला सांगितलं. नवरा दाराशी उभा होता, मध्ये बोलावं की नाही अशा घोटाळ्यात. शेवटी बोलला. मागच्या साली दुसऱ्या दवाखान्यात सुई दिली तर हिचं तोंड सुजलं होतं, दम घेता येत नव्हता, ही तीच तर नाही ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्याजवळच्या जुन्या चिठ्ठीवर पाहिलं, तर सुई तीच होती. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवायला लावली, दुसरं औषध दिलं आणि मग रेकॉर्डच्या खोलीत आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "हे निरंक कोणाला विचारून लिहिलं?" इतकंच म्हणाले. कोणालाच विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मला तुमचा राग आला, बाई. वाटलं, काय खूळ शिकवून ठेवलंत आम्हाला. मग तुमचं वाक्य पुन्हा आठवलं आणि राग उतरला. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की तू पाहिलंस, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही पाहिलं नव्हतं आणि तरी लिहिलं. तुमचं अर्धंच वाक्य आम्ही पाठ केलं होतं. मी ऑफिसात भांडून चांदणी काढून टाकायला लावली. साहेब म्हणाले, रिकामे रकाने म्हणजे काम झालेलं दिसत नाही. मी म्हटलं, झालेलं नाहीच आहे तर दिसेल कसं? डॉक्टर माझ्या बाजूनं उभे राहिले म्हणून निभावलं. मग ठरवलं की कोणी विचारलं आणि पेशंटनं नाही म्हटलं, तरच निरंक. कोणी विचारलंच नसेल तर रकाना रिकामा. रिकामा दिसला की डॉक्टर स्वतः विचारतील. आम्ही तिघी एकेक नोंद उघडून खोटं निरंक पुसत बसलो.

गठ्ठे पुढे सरकत असताना, 'कोणाला कळवायचं' हाही रकाना आम्ही जोडला, कागदावरच्या 'जवळचे नातेवाईक' या ओळीवरून भरायचा. आणि एका सकाळी तुमच्या शेवटच्या आजारपणातला केसपेपर माझ्या हातात आला. अक्षर तुमचंच. तापानं फणफणत असताना नर्सच्या हातून कागद घेऊन तुम्ही स्वतः भरलात, छापलेली एक चूकही दुरुस्त केलीत. जवळचे नातेवाईक, त्याच्यापुढे निरंक. तुमचं माहेर सिरोंच्याकडचं एवढंच ऐकून होतो, पुढे विचारायची कोणाची छाती नव्हती. पण त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन मी येत होते ना? तुमची वेणी मी घालत होते ना? मला फार लागलं ते. पोरींना चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

माझ्याच नियमानं तिथे निरंक टाइप करायला हवं होतं, कारण तुम्हाला विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं होतं. मी नाही केलं. त्यानंतर सॉफ्टवेअर दोनदा बदललं, पोरी लग्न होऊन गेल्या, आणि तुमच्या नावापुढचा तो एक रकाना मी अजून रिकामाच ठेवला आहे. तुम्हाला विचारलं असेल, बाई. मला कोणी विचारलं नव्हतं.