डोळ्यावरचं कुंकू

२२ सप्टेंबर, घटस्थापना
चकलांब्याचं बिऱ्हाड हलवून आज वडवणीला आलो. मागं दोन खोल्या, पुढं ह्यांचं नवं वर्कशॉप. देवघराला पूर्वेची भिंत मिळाली, घट बसवले. पाणी दिवसाआड येतं, पण गोड आहे.
वर्कशॉपात पुण्याहून जुनी आणलेली सीएनसी मशीन आहे. कापसाच्या जिनिंगचे सुटे भाग संगणकाच्या हुकमानं कापते. चालवणारे कय्युमभाई पन्नाशीचे, ह्यांचे जुने स्नेही. मी मॅट्रिक झालेय ऐकून म्हणाले, मग भाभी, तुमाला लवकर कळंल. ही बया सेकंदाला हजारदा स्वतःला विचारती, जायचं कुठं होतं अन् हाय कुठं? फरक दिसला की तेवढी सरकती. मी म्हटलं, माणसाचं असं असतं तर देवळं ओस पडली असती. लई हसले.
टेबल सरकतं त्या रुळाच्या टोकाला काचेचा बारका डोळा आहे. टेबल त्याला दिसलं की थांबतं. कय्युमभाई तो रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसतात. मला बजावलं, ह्याला तेवढा हात लावू नका.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची पूजा केली. पान्याला, हातोडीला, सगळ्यांना हळदकुंकू. मशीनला कपाळ कुठं? तो डोळाच कपाळासारखा दिसला. कय्युमभाईंचं बोलणं आठवत होतं. पण देवीच्या कुंकवानं कुणाचं वाईट होतं का, म्हणून ओलं बोट टेकवलं.

३ ऑक्टोबर
मशीन दोन दिवसांनी सुरू झाली. पुसायचं फडकं मी धुवायला नेलं होतं. टेबल थांबणारच, या भरवशावर कय्युमभाई टोकाशी साचलेला लोखंडाचा कीस काढत होते. टेबल थांबलं नाही.
उजव्या हाताची तीन बोटं.
हे त्यांना घेऊन बीडला गेले. डोळ्यावर कुंकू वाळून कडक झालं होतं. पदर ओला करून मी आधी ते पुसलं. फरशीवरचं रक्त नंतर.

६ ऑक्टोबर
विम्याचा माणूस येणार आहे. हे म्हणतात, कय्युमनं मशीनचं दार उघडं ठेवून हात घातला, तसं तू लिहून दे, समोर तूच होतीस, नाहीतर सगळं वर्कशॉपवर येईल. तसं लिहिलं की कय्युमभाईंना भरपाई नाही.
कय्युमभाईंची बायको, समोरच राहणाऱ्या जाहेदाभाभी आल्या होत्या. म्हणाल्या, लोक हसतेत, बुढ्याचा डोळा लागला म्हणतेत. हात गेला, नाव तरी ऱ्हाऊ द्या. तुमी देवाधर्माच्या, तुमीच सांगा.
मी चहा टाकला. साखरेला नेलेला हात डब्याच्या बोटभर अलीकडं थांबला. मग तसूतसूनं, धक्के खात सरकला. माझा हात असा सरकत नाही.

८ ऑक्टोबर
मशीनची वायर काढलेली आहे. तरी पडद्यावर एकच आकडा पेटलेला. मधलं अंतर मोजावं तसा मी जवळ गेले की उतरतो. मागं सरले की चढतो. देवापुढं हात जोडले, तर डावा जुळला. उजवा वर्कशॉपच्या दिशेनं ताठ.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, उपास कमी कर.

९ ऑक्टोबर
विम्याचा माणूस बाहेर बसलेला. लिहायला घेतलं. कय्युमभाईंनी दार — हातानं ते खोडलं. खाली लिहिलं, मी पुसलं. मी पुसलं. मी
ह्यांनी कागद फाडला. दुसरा स्वतः लिहिला. सहीला उजवा हात उठेना. मॅट्रिक झालेली मी — डावा अंगठा उमटवला.
देवी, मी उमटवला.

१० ऑक्टोबर, सकाळ
हे कागदाची नक्कल घेऊन बीडला. मी देवघरात बसले होते. आता वर्कशॉपात आहे. चालत आले नाही. हातानं आणलं —

वही मशीनच्या टेबलावर. आकडा आता वीतभर अंतरावर. कय्युमभाईंची बोटं गेली त्या टोकाकडंच सरकत लिहितोय हा हात —

पाय मोकळे. तोंडही माझंच. जाहेदाभाभी समोर दारात तांदूळ निवडतायत. एक हाक. फक्त सांगायचं —
ह्यांचं काय होईल. लोक काय —

त्यांनी वर बघितलं. हसल्या माझ्याकडं —
मी पण हसले —

अंतर चार बोटं. टेबल हललं. तोंड उघड, बाई, उघड — जाहेदाभाभी, ते कुंकू मी