तेरा नंबरचं बॉम्बर आणि चाकणचं लिंबू

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. पुस्तक लिहायचं तर आधी हात वाहता हवा. नाव ठरलं: 'त्रयोदशाङ्कमीमांसा'. जयमाला म्हणाली, नावातच निम्मे वाचक गळतील. संस्कृतात एम.ए. झालेल्या माणसाच्या बायकोनं असं बोलू नये.

विषय: महायुद्धातली अशुभ आकड्याची बॉम्बर विमानं. नायक एकच. हॅलिफॅक्स, नाव 'फ्रायडे द थर्टीन्थ'. नाकावर कवटी, रक्ताळलेला विळा, उलटी नाल. दारावर शिडी रंगवलेली, म्हणजे चढणारा प्रत्येक जण शिडीखालून जाणार. गोऱ्यांत हा घोर अपशकुन. हे विमान १२८ वेळा मोहिमेवर गेलं आणि १२८ वेळा परत आलं!

संकल्प: रोज दोन पानं. आज शून्य. तयारीचा दिवस.

४ मार्च, बुधवार
चाकणच्या एका कंपनीतून फोन. एचआर मॅनेजर दिग्विजय. म्हणे, "सेफ्टी वीकला वक्ता हवाय सर. मागच्या वर्षी आग विझवणारे आले होते, पोरं झोपली." गाड्यांसाठी पत्र्याचे पार्ट दाबणारी कंपनी. चौदा पॉवर प्रेस ओळीनं. त्यातली तेरा नंबरची महिनाभर बंद. कुणीतरी तिला लिंबू-मिरची बांधलीय, पोरं 'पनवती' म्हणतात, बसायला कुणी तयार नाही. माल अडलाय.

म्हटलं, तुम्हाला वक्ता नको, मीच हवा. वार्ताहर आहे, बातमीही मीच देईन.

(आमच्या लिफ्टमध्ये १२, १२-ए, १४ अशी बटणं आहेत. आम्ही १२-ए वर. सोसायटीला निषेधाचं पत्र सहा वर्षं मनात आहे. या आठवड्यात नक्की.)

७ मार्च, शनिवार
कॅन्टीनमध्ये व्याख्यान. पन्नास मिनिटं. १२८ चा आकडा आला तेव्हा टाळ्या. शेवटी ज्योतीराम नावाचा फिटर उभा राहिला. चाकण गावातलाच, केस पिकलेले. म्हणे, "सायेब, ते इमान माघारी आल्यावर तपासायचं कोन?" म्हटलं, खालचे मेकॅनिक. "आन् त्ये म्हनले, आज उडवू नगा, तर?" पोरं हसली. म्हटलं, विषयांतर नको.

(उत्तर 'तर उडवत नसत' असं आहे. पण ते माझ्या स्लाइडवर नव्हतं.)

मग खरा माणूस सापडला. गणराज. वय चोवीस, औश्याकडचा, कंत्राटी ऑपरेटर. चित्रं झकास काढतो. विमानाच्या नाकाचा फोटो दाखवला. म्हणाला, प्रेसवर अस्संच काढतो. दिग्विजयनं तिथंच सांगितलं, "तेरा तारखेला तूच चालवून दाखव भावा, एप्रिलपासून पर्मनंटचं बघतो." गणराजचा चेहरा उजळला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आकड्याचं भ्या नाही मला. पण ज्योतीरामकाका नको म्हणायलेत."

म्हटलं, काकांची पिढी वेगळी.

घरी जयमालाला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, जी विमानं परत आली नाहीत त्यांच्यातल्या कुणी पुस्तक लिहिलंय का. माझ्या विमानाच्याच स्क्वाड्रनची साडेआठशे माणसं गेली, हे मी तिला सांगितलं नाही. प्रश्न वाढतात.

१० मार्च, मंगळवार
सेफ्टी वीक आज संपला. आम्ही शुक्रवार, तेरापर्यंत ताणला.

गणराजनं कवटी, विळा, नाल काढली. ब्रश तीन बोटांत असा धरतो की बघत राहावं. म्हटलं, तुझा हात सोन्याचा आहे. लाजला. कवटीचा एक डोळा उद्यावर ठेवला.

ज्योतीरामनं तेवढ्यात नवं लिंबू आणून बांधलं. आधीचं म्हणे वाळलं होतं. माझ्याकडे बघतही नव्हता. हट्टी माणूस. पुस्तकात याच्यावर एक प्रकरण.

१२ मार्च, गुरुवार
उद्याची वेळ दुपारी १२.०५. जयमाला म्हणाली, म्हणजे साडेदहा ते बारा राहुकाळ टळला. तसं काही नाही. फोटोला दुपारचा उजेड चांगला. ती म्हणाली, शेडमध्ये ट्यूबलाइट असतात.

निषेधाचं पत्र राहिलं.

१३ मार्च, शुक्रवार. दुपारी १.१५
यश!

बारा वाजून पाच मिनिटांनी कात्रीनं लिंबू कापलं. फोटो. गणराज स्टुलावर बसला, पेडल दाबलं, पहिला पार्ट पडला. टाळ्या. मी मोठ्यानं मोजत होतो, पोरंही मोजायला लागली. १२८ झाले, १२९ झाले. विमानाचा विक्रम अर्ध्या तासात मोडला! ज्योतीराम सबंध वेळ मेन स्विचपाशी उभा होता. दिग्विजयनं त्याला दुसऱ्या शेडला पाठवलं.

जेवणात श्रीखंड. तिथूनच बातमी पाठवली. मथळा माझाच: 'तेराची भीती चाकणमध्ये चिरडली'.

१४ मार्च, शनिवार
बातमी तीन कॉलम. फोटोसकट.

काल सव्वातीनला गणराजचा हात प्रेसमध्ये गेला. उजवा. तर्जनी आणि मध्यमा पूर्ण, अनामिका निम्मी. आपल्याकडे बोटांना किती सुंदर नावं आहेत.

स्पष्ट लिहून ठेवतो: आकड्याचा काही संबंध नाही. हे चौदा नंबरवरही झालं असतं. झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

मथळा सव्वातीनच्या आधी गेला होता. हेही लिहून ठेवतो.

आज हॉस्पिटलमध्ये जायचं होतं. वाटेत मोशीला ट्रॅफिक असतं.

१७ मार्च, मंगळवार
गेलो. शहाळं नेलं. दारातच ज्योतीराम. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला:

"हात आत गेला की प्रेस थांबवनारा सेन्सर मेला हाय, दोन महिने झाले. सायेब म्हनले, वायर जोडून सेन्सरबिगर तशीच चालवा. म्या 'चालवू नगा'चा लाल टॅग लावला, सायबांनी काढला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. मंग लिंबू बांधलं. लिंबाला सायेबबी हात लावत न्हाईत. पोरांना म्हाईत व्हतं, लिंबू हाय तवर बसायचं न्हाई. गनराजला म्या सोता सांगितलं व्हतं. तुमी कापलं आन् त्याला वाटलं, सेन्सर झाला आसंल."

मला हे आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो.

"इचारलं व्हतं की. इमान कोन तपासतं म्हनून."

गणराज माझ्यावर रागावलेला नाही. उलट म्हणाला, "सर, कवटीचा एक डोळा राहिलाय. डाव्यानं जमतंय का बघतो." मग विचारलं, एप्रिलचं साहेब काही म्हणाले का. म्हटलं, बोलतो. शहाळं कुणीतरी सोलून द्यायला लागलं.

संकल्प: पेपरात खुलासा. सेन्सरसकट सगळं. शनिवारी नक्की.

२४ मार्च, मंगळवार
दिग्विजयशी बोललो. म्हणे, "पर्मनंटचं आता कसं बघणार सर, ऑपरेटरला बोटं लागतात." कंत्राट ३१ला संपतंय, वाढवणार नाहीत. ज्योतीरामला नोटीस: परवानगीशिवाय मशीनला वस्तू बांधल्याबद्दल. प्रेसवर राखाडी रंग मारला आणि नंबर बदलला. १२-ए. सेन्सरचं कोटेशन मागवलंय.

खुलासा चार ओळींचा झाला. पाठवला नाही. त्याच कंपनीची संपादकांकडे पुरवणीसाठी जाहिरात आहे. शिवाय त्यांनी पुढच्या वर्षीही मलाच बोलावलंय.

२ एप्रिल, गुरुवार
कंपनीकडून पार्सल. सन्मानचिन्ह. फ्रेममध्ये तेरा तारखेचा फोटो: मी लिंबू कापतोय, मागं गणराज टाळ्या वाजवतोय. जयमालानं पदरानं काच पुसली, जवळ धरून मोजलं. म्हणाली, "दहा आहेत." आणि स्वयंपाकघरात गेली.

ते विमान युद्धानंतर लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवलं होतं. मग मोडून भंगारात काढलं. हे मी व्याख्यानात सांगत नाही.

खिळा ठोकायला जयमालानं नकार दिला. मीच ठोकायला गेलो, हातोडी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालंय. अंगठा फार ठणकतोय. पेन धरवत नाही. असल्या वेळी घरातल्या माणसानं निदान बर्फ आणून द्यावा.