अप्पांनी ओतून दिलेलं पाणी

प्रिय धाकटोबा,

या नावाने हाक मारलेली तुला आता आवडेल की नाही, देव जाणे. घड्याळांच्या दुकानावरून तू अप्पांशी भांडून घर सोडलंस आणि मीही फुगून बसले. अप्पा गेल्याचं तुला दोन ओळींत कळवलं, तेही रागारागाने. कसे गेले ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

त्यांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, तेव्हा मीच त्यांना आमच्या हॉस्पिटलात स्कॅनला नेलं. रोज परक्यांची पोटं पडद्यावर बघणारी मी. पण घरच्या माणसाचं बघायचा धीर होईना, म्हणून काम सहकाऱ्यावर सोपवलं. पित्ताची नळी आतड्यात जिथे उघडते ती जागा मुळात इवलीशी. आतडं पाण्याने फुगलेलं नसलं की त्याच्या घड्यांत ती दडून बसते, म्हणून आधी बाटलीभर पाणी प्यायला देतात. पण आपले अप्पा! उपाशी या म्हटल्यावर पाण्याचा थेंब घेतील तर शपथ. नर्सची पाठ वळताच सगळी बाटली बेसिनमध्ये ओतली आणि रिकामी बाटली साळसूदपणे परत केली. नळी फुगलेली दिसली, पण का ते कळेना. सूज असेल, असं ठरलं. पुढे पिवळेपणा आपोआप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो.

काही महिन्यांनी पिवळेपणा परत आला. तेव्हा कुठे स्वारीने बाटलीचं सांगितलं, तेही नियम कसा कडक पाळला या ऐटीत! मी आधी चिडले, मग आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याचं आता फार वाईट वाटतं. या वेळी मी शेजारी बसून पाणी पाजलं. नळीच्या तोंडाशी वाटाण्याएवढी गाठ स्पष्ट दिसली. अप्पांनी खिशातून दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं, पडद्याला नाक टेकवून ती गाठ बघितली आणि एवढ्याशाने यंत्र बंद पडतं हे घड्याळवाल्याला सांगायला नको म्हणाले. पण तोवर यकृतावर डाग आले होते. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

शेवटी शेवटी दार वाजलं की ते मान वळवायचे. तू आलास का, असं तोंडाने कधी विचारलं नाही. मला कळत होतं रे. तरी आधी तू फोन करावास म्हणून मी अडून बसले.

पण हे रडगाणं गायला मी लिहीत नाहीये. अप्पांच्या मोठ्या आतड्यातही बारीक गाठींचा नुसता सडा निघाला. मग रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हा जनुकांतला दोष आहे, आईबापांकडून मुलांत उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. माझी तपासणी झाली. मी सुटले. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन तुझ्या काळजीने रडले. वेळेत सापडलं तर हे आवरता येतं. माझ्याशी बोलू नकोस, घरी येऊ नकोस, पण तपासून घे. तुला मुलंबाळं आहेत का, हेही मला माहीत नाही. तुझ्यात दोष निघाला आणि मुलं असली, तर त्यांचीही तपासणी करून घे.

रुसली तरी तुझीच,
ताई