मागच्या सीटचं वजन

टूसॉन, ऑक्टोबर

प्रिय लोरेन,

बाबांची गाडी फ्लिंटच्या आपल्या गल्लीत वळली की आधी तिची घरघर ऐकू यायची आणि आई बटाट्यांखालचा गॅस मंद करायची. शाळेतल्या कवितांसारखा तो आवाज मला अजून तोंडपाठ आहे.

मी बरा आहे. वाचायला आता भिंग लागतं, पण डोळ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. तुझी कंबर काय म्हणते?

तीच गाडी मी पुन्हा चालू केली. शेजारच्या हेक्टरच्या आग्रहाने मागे रुंद टायर लावले. गाडी जॅकवर असताना मोजलं, तर बोटभर जागा सुटत होती. खाली उतरवून मी मागे बसलो, तर वजनाने गाडी दबली आणि टायर मडगार्डला घासला.

"म्हाताऱ्या, मागे बसतंय कोण?" हेक्टर म्हणाला.

"माझी बहीण. उजव्या खिडकीपाशी."

"ती तर तीस वर्षांत फिरकली नाही."

"म्हणून तिची जागा टायरला देऊ?"

रुंद टायर परत केले, बाबांच्या मापाचे अरुंद बसवले. हेक्टर म्हणतो, गाडी आता शाळेतल्या बाईंसारखी दिसते. दिसू दे.

गाडी तुला न विचारता फ्लिंटहून इकडे आणली, ही माझी चूकच होती. राग सोडता आला तर एकदा येऊन बस.

तुझी वाट पाहणारा,
वेंडेल

ता. क. घंटी वाजली म्हणून कागद हातात घेऊनच उठलो. जाळीच्या दारापलीकडे काठी टेकून कुणी बाई पाठमोरी उभी आहे, अंगणातल्या गाडीकडे बघत. आता वळली. नाक थेट बाबांचं. लोरेन, हे पत्र तुझ्या हातातच देतो.