पर्ला मावशीचा वेग

ति. युसेबियो मामांस आर्लीनचा नमस्कार. (आपल्या फिलिपिनो रीतीने तुमचा हात कपाळाला लावला असं समजावं, लास वेगासहून स्टॉकटनपर्यंत कपाळ पोचत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका. इकडे सर्व ठीक. काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे आईच्या फोनवरच्या रडण्यातून तुम्हाला ते वेचत बसावं लागणार नाही.

१. कसिनोने मला पोकरच्या डीलरांचा वेग मोजायला नेमलं.
२. सगळ्यांत मंद डीलर पर्ला मावशी निघाली.
३. फेरमोजणीत ती सगळ्यांत वेगवान निघाली.
४. त्यामुळे तिची नोकरी गेली.

आता सविस्तर. तासाला जितके डाव जास्त, तितका कसिनोचा वाटा जास्त, एवढाच हिशेब आहे. मावशी पत्ते झरझर वाटते; वेळ जातो तो तिच्या सकाळच्या गिऱ्हाइकांपायी. सगळे सत्तरीपुढचे. एकाला ऐकू येत नाही, एकाचा हात थरथरतो, आणि ऑर्विल नावाचा निवृत्त प्लंबर दर डावाला पाळी कोणाची म्हणून विचारतो (बहुधा त्याचीच असते). मावशी थांबते, पुन्हा सांगते. माझ्या तक्त्यात थांबण्याला रकाना नव्हता. (आमचा मॅनेजर ड्वेन म्हणाला, "तसा रकाना काढलास की सगळेच त्यात जाऊन बसतील." या वाक्यात मला चूक काढता आली नाही.) फेरमोजणीतही मागे पडली तर घरी, असं त्याने ठरवलं. काकांचा डायलिसिस मावशीच्या नोकरीच्या विम्यावर चालतो हे तुम्हाला माहीत आहे. ड्वेनलाही माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

ही बातमी म्हाताऱ्यांपर्यंत गेली. फेरमोजणीच्या सकाळी मी घड्याळ घेऊन मावशीमागे उभी राहिले, आणि पाहते तर पत्ते हातात पडायचा अवकाश, सगळे ते टाकून मोकळे! कोणी पैसे लावीना. डाव सुरू होण्याआधीच संपू लागले. ऑर्विलने तर दोन एक्के फेकले, आणि राहवेना म्हणून दाखवून फेकले. "पर्ला, बघ गं, तुझ्यासाठी काय काय सोडतोय!" मावशी हसली नाही. आपल्या इलोकानो भाषेत म्हणाली, "मेल्यांनो, नीट खेळा, बुडवताय मला!" ते त्या टेबलाजवळ मला एकटीलाच कळलं. म्हाताऱ्यांना वाटलं, आभार मानतेय. त्यांनी आणखी घाई केली.

खेळाडूंनी आपसात ठरवून खेळणं पोकरमध्ये गुन्हा आहे, आणि ते चालू देणारा डीलरही त्यात सामील धरतात. कॅमेऱ्यात चित्र असतं, आवाज नसतो. मावशीचे ओठ हलले आणि पुढचा डाव आणखी लवकर संपला, एवढंच दिसतं. ड्वेन म्हणाला, "ही तर त्यांना शिकवतेय." ती खडसावत होती, असा मी लेखी जबाब दिला, तिचे शब्दही लिहून दिले, भाषांतरासह. त्याने तो दोनदा वाचला, आणि डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, हा नियम मला दाखवला. संगनमताचा आरोप मागे घेतला गेला. भाषेचा राहिला. त्याला साक्षीदार होता.

मावशी माझ्याशी बोलत नाही म्हणणं अचूक होणार नाही. काल मी पान्सित नूडल्स करून घेऊन गेले. तिने दार उघडलं, भांडं घेतलं, "घड्याळ लावलंयस का?" एवढं विचारलं, आणि दार लावून घेतलं.

तुमची भाची,
आर्लीन

ता. क. म्हाताऱ्यांनी मिळून मावशीला फुलं पाठवली. कार्डावर 'बढतीबद्दल अभिनंदन' असं आहे. ती पहिली आली एवढंच त्यांना कळलंय. पुढचं कोणी सांगितलेलं नाही.

दुसरा ता. क. वर 'सर्व ठीक' लिहिलं आहे, ते खोडलं असं समजावं. विमा महिनाअखेरीस संपतो. घरभाडं वाचलं तर हप्ता दोघांना स्वतः भरता येईल, मी मांडून पाहिलं आहे. तुमची मागची खोली रिकामी आहे. मावशी मागणार नाही, म्हणून मी विचारते : दोघांना ठेवून घ्याल का? हो किंवा नाही, गुरुवार, चोवीस तारखेपर्यंत कळवा.