पुण्याहून दुरुस्त होऊन आलेली पेटी

५ मार्च २०१७, रविवार

पुण्याला निघालेले आमच्या ओळखीचे कुलकर्णी बाजाची पेटी घेऊन गेले. उद्याची फ्लाइट. माझ्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळून दिली, वरून अरुणचं विंटर जॅकेट. तो नोव्हेंबरात गेला, जॅकेट कुणाला द्यायचं धैर्य झालं नव्हतं. आता निदान कामी आलं.

दर वर्षी म्हणायचा, पुण्याला गेलो की पेटी दाखवून आणू. दर वर्षी सामानात जागा लोणची-पापडांनाच. दात, चष्मे, ब्लाउज, पेटी... आम्हा लोकांचं सगळं दुरुस्त होतं ते पुण्यातच, कॅनडात केस पांढरे झाले तरी.

हॉलचा कोपरा भकास दिसतो. पण त्याचं एक राहिलेलं काम मार्गी लागलं.

१९ मार्च, रविवार

समोरचा रॉय आला होता. टोपी काढून दारातच उभा. जन्मभर कंट्री म्युझिक गायला, बारमध्ये, जत्रांमध्ये, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याचं ‘हर साइड ऑफ द ड्राइव्हवे’ मोठ्या बक्षिसासाठी निवडलंय. बायको जीन गेली, तिची गाडी विकली, तरी हा बाबा बर्फ पडला की तिच्या बाजूचाही ड्राइव्हवे शोव्हल करतो. त्यावरचं गाणं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी हसले होते, बर्फ उपसण्यावर कसलं गाणं! अरुण मात्र पेटी उचलून त्याच्या बेसमेंटमध्ये. सप्टेंबरभर दोघं तिथेच रेकॉर्डिंग करत, जेवायला हाका मारून मी दमायची.

पेटीची पट्टी चढलेली. ती काही ऐन वेळी उतरवता येत नाही, म्हणून रॉयने गिटारच तिला जुळवून घेतली. बाकीच्या वादकांनाही तेच करायला लावलं. अरुणला त्याचं कोण कौतुक. म्हणाला, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा इथल्या कोणीतरी माझ्याशी जुळवून घेतलं, शुभा.”

त्या गाण्याची सीडी डिसेंबरपासून ड्रॉवरमध्ये. लावलेली नाही. लेकीने, मीनलने, तिच्या गावी मार्कहॅमला ते रेडिओवर ऐकलं, गाडी बाजूला घेऊन मला फोन. “आई, यू कॅन हिअर बाबा इन इट.” सवडीने ऐकेन म्हटलं. सवड काय, ढीगभर आहे.

८ एप्रिल, शनिवार

पुण्याहून कुलकर्णींचा फोन. कारागीर विचारतोय, वरवर डागडुजी करू की सगळे सूर घासून नव्याने लावू? हवा गळते, चामडं गेलंय, एक सूर तर नुसता धापा टाकतो. मी म्हटलं, सगळं करा, हात राखू नका. अरुणची पेटी आहे.

फोन ठेवून पिठलं-भात केला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२३ एप्रिल, रविवार

रॉयला बक्षीस मिळालं. टीव्हीवर पाहिलं, मीनल वीकएंडला आलीये ती आणि मी. स्टेजवर त्याने “माय नेबर आरून” म्हटलं. चुकीचं का होईना, एवढ्या लोकांत म्हटलं. मागे कोणी पोरगा कीबोर्डवर पेटीचा आवाज काढत होता. गुळगुळीत.

मग मीनलने न विचारताच सीडी लावली.

गिटारच्या खाली पेटी. पंचमावर बोट पडलं की आधी फुस्स, मग सूर. भाता उघडताना लाकडाची कटकट. ह्या फुस्सवरून मी किती वैतागायचे, तिला आधी सर्दीचं औषध दे म्हणायचे. आज तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मीनल म्हणाली, “आई, इनफ.” इनफ कसलं, पोटच भरेना. अरुण तिथे बसलेला होता, अगदी गुडघा वर घेऊन, जसा बसायचा तसा.

मी म्हटलं, पेटी परत आली की मी तो एकच सूर धरून बसणार आहे. आणि बोलता बोलताच लक्षात आलं, मी काय करून बसले ते.

पुण्याला फोन लावला. कुलकर्णी झोपेतून उठले. म्हणाले, “वहिनी, झालं काम. काय सुरेल झालीये!” मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या भल्या माणसाने एवढं ओझं वाहून नेलं होतं.

२ मे, मंगळवार

रॉयचा जूनमध्ये गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम. सगळ्यांना तेच गाणं हवंय. म्हणतो, कीबोर्ड नको, तो बॉक्स हवा, आणि वाजवायला तू बस. दोनच सूर तर धरायचे. हो म्हणाले. फुस्स गेली ते काही सांगितलं नाही.

१४ मे, रविवार

पेटी आली. नवं चामडं, पॉलिश, पितळ लखलखीत. वाजवून पाहिली. खरंच सुरेल. देवळात ठेवावी अशी.

फुस्स नाही. कटकट नाही. भाता कसा लोण्यासारखा चालतो. कारागिराने चोख काम केलं आणि मला त्याचा राग येतोय, असा अडाणीपणा. रडू आलं ते आलंच. नोव्हेंबरात लोक होते, करायला कामं होती. आज कोणी नव्हतं.

१० जून, शनिवार

आणखी लपवणं शक्य नव्हतं. रॉयला बोलावलं, सगळं सांगितलं. त्याने गिटार काढून नव्या पट्टीला जुळवली. मी सूर धरला. तो एक कडवं गायला आणि थांबला. तारांवर हात ठेवून पेटीकडे बघत म्हणाला,

“इट्स अ फाइन बॉक्स, शुभा. बट ही इझन्ट इन इट.”

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, कशाबद्दल, तू त्याची वस्तू नीट करून आणलीस, मी जीनची खुर्ची अशीच रंगवली होती. मग माझ्या हातचा चहा प्यायला, साखर जास्त घालून. जाताना म्हणाला की पुढच्या शनिवारी हे गाणं म्हणणार नाही. लोक चिडतील, मी म्हटलं. चिडू देत, म्हणाला. इथल्या कोरड्या हवेत लाकूड पुन्हा तडकेल, हवा गळायला लागेल, दोन-तीन विंटर थांबू.

“अँड यू, टिल देन?” मी विचारलं.

“आय’ल ट्राय,” म्हणाला. जिना उतरताना कठडा धरत होता.

११ जून, रविवार

मीनलशी बोलले. तिला वाटतं, मी कार्यक्रमात वाजवावं, लोकांना कळणारसुद्धा नाही. नसेलही कळत.

दुपारी पेटी कपाटातून काढून हॉलमध्ये, हीटिंगची गरम हवा येते त्या व्हेंटजवळ नेऊन ठेवली. अरुणने पाहिलं असतं तर ओरडला असता, लाकूड फाटेल म्हणून. फाटेलच. पण त्याच जागी फाटेल, की भलतीकडे?

व्हेंटवर हात धरून पाहिला. गार. फर्नेस ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाही.